पडद्याची मालकी आणि काळा दिग्दर्शक

आपल्याकडच्या चित्रपट-रसिकांचा एक लाडका समज आहे. चांगला चित्रपट आपला रस्ता आपणच शोधतो, असा तो समज. काळ्या दिग्दर्शकांचे चित्रपट जगाला फारसे ठाऊक नाहीत, याचा अर्थ त्यांनी सांगण्यासारखे काही काढलेच नसावे, असे हे रसिक मोठ्या निरागसपणे सांगून मोकळे होतात. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. मुसलमान मराठीत लिहीत असते तर ते दिसले नसते का, हा प्रश्न आपण सोलापूरच्या १९९० सालच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाआधीही ऐकला आणि नंतरही ऐकला. दिसण्यासाठी कुणीतरी पाहावे लागते, ही साधी गोष्ट प्रश्न विचारणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

पण लेखकाचे एक बरे असते. वही आणि पेन असले की कविता होते. छापणारा भेटला नाही तर ती कुणाला वाचून दाखवता येते. चित्रपटाचे तसे नाही. त्याला कॅमेरा लागतो, कच्ची फिल्म लागते, ती धुऊन देणारी लॅब लागते, उधार देणारा लागतो, वितरक लागतो, थिएटर लागते, सेन्सॉरचा शिक्का लागतो आणि हे सगळे झाल्यावर बक्षीस देणारे परीक्षक लागतात. यातल्या प्रत्येक दारावर कुणीतरी खुर्ची टाकून बसलेला आहे. काळ्या दिग्दर्शकाचा इतिहास म्हणजे या दारांचा इतिहास आहे. प्रतिभेची चर्चा त्यानंतर करू.

पश्चिम आफ्रिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथला दिग्दर्शक काळाही आहे आणि बहुधा मुसलमानाच्या घरात जन्मलेलाही आहे. तरीही आपण त्याला ओळखत नाही.

फ्रान्सच्या वसाहतींत १९३४ साली एक फर्मान निघाले. लावाल नावाच्या मंत्र्याचे म्हणून ते ओळखले जाते. वसाहतीत चित्रीकरण करायचे असेल तर सरकारची आगाऊ परवानगी घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले होते. कागदावर नियम सर्वांना सारखा होता. व्यवहारात आफ्रिकन माणसाच्या हाती कॅमेरा लागू नये यासाठी तो पुरेसा ठरला. गोरे प्रवासी सिंह, मुखवटे आणि नाच टिपून नेत राहिले. पोलॅं सुमानू व्हिएरा आणि त्याच्या मित्रांना १९५५ साली चित्रपट काढायचा होता, तेव्हा त्यांना आफ्रिकेत परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकनांवरच 'आफ्रिक स्यूर सेन' हा छोटा चित्रपट काढला. आपल्या गावात कॅमेरा लावता येत नाही म्हणून सत्ताधाऱ्याच्या राजधानीत जाऊन लावायचा, अशी ही सुरुवात होती. दादासाहेब फाळक्यांना इंग्रजांच्या राज्यात १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढता आला. पन्नास वर्षांनंतरही सेनेगलचा माणूस पहिल्या चित्रपटासाठी झगडत होता. आफ्रिकेचा सिनेमा मागे का राहिला असे विचारणाऱ्यांनी ही दोन सालेच शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

तो झगडणारा माणूस म्हणजे उस्मान सेम्बेन. जन्म १९२३, झिगुइंशोर, बाप मासेमार. मुख्याध्यापकावर हात उगारल्यामुळे शाळा सुटली. पुढे गवंडीकाम, फ्रेंच सैन्यात चाकरी, मग मार्सेच्या बंदरात हमाली. हमालांच्या युनियनमध्ये तो घडला, तिथेच कादंबऱ्या लिहू लागला. त्या कादंबऱ्या फ्रेंचमध्ये होत्या आणि त्याच्या आईबापांच्या पिढीला वाचता येत नव्हत्या. आपण ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे उमगल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस मॉस्कोला गेला आणि सिनेमा शिकून आला. १९६३ साली त्याने 'बोरोम सारेत' काढला. डाकारमधल्या एका गाडीवानाच्या एका दिवसाची ती जेमतेम वीस मिनिटांची गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर फ्रान्सने एक नवे खाते उघडले होते. आफ्रिकन दिग्दर्शकाला पैसे आणि तांत्रिक मदत द्यायची आणि बदल्यात चित्रपटाचे बिगर-व्यापारी हक्क घ्यायचे. उपकार म्हणून ते वाईट नव्हते. फक्त पटकथा पॅरिसमधल्या साहेबाने वाचून पसंत करायची होती. सेम्बेनची 'ला न्वार द...' ही पटकथा साहेबाला पसंत पडली नाही. डाकारहून फ्रान्सला नेलेली एक मोलकरीण मालकिणीच्या घरात कोंडमारा होऊन न्हाणीघरात जीव देते, ही कथा त्यांना कशी पसंत पडावी? सेम्बेनने तो चित्रपट दुसरीकडून जमवाजमव करून काढला, १९६६ साली त्याला फ्रान्समध्येच झाँ व्हिगो पारितोषिक मिळाले आणि मग त्याच खात्याने त्याचे हक्क विकत घेतले. आधी नाकारायचे आणि नाव झाल्यावर कपाटात ठेवण्यासाठी विकत घ्यायचे, ही रीत आपल्याकडच्या प्रकाशकांचीही आहे. पण तो विषय इथे नको.

१९६८ चा 'मंडाबी' मात्र प्रत्येक मराठी मुसलमानाने पाहिला पाहिजे, असे माझे मत आहे. मंडाबी म्हणजे मनीऑर्डर. इब्राहिमा डिएंग हा डाकारमधला पापभीरू, नमाजी, थोडा ऐटबाज, बरीच वर्षे बेकार असलेला गृहस्थ. दोन बायका, सात मुले, दुकानदाराची उधारी. पॅरिसमध्ये झाडूकाम करणारा पुतण्या त्याला मनीऑर्डर पाठवतो. पोस्टात गेल्यावर ओळखपत्र मागतात. ओळखपत्रासाठी जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्यासाठी जन्मतारीख सांगावी लागते. फोटोसाठी पैसे लागतात. पैसे तर त्या मनीऑर्डरीत अडकलेले आहेत. तोवर मोहल्ल्यात बातमी पसरलेली असते आणि जो तो उसने मागायला येतो. शेवटी शिकलासवरलेला एक नातेवाईक मदतीच्या नावाखाली त्याला लुबाडतो. या कथेत गोरा खलनायक जवळजवळ नाहीच. खलनायक आहे कागद, आणि कागदाची भाषा जाणणारा आपलाच सुटाबुटातला भाऊबंद. रेशनकार्डावरच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करण्यासाठी ज्याने तहसील कचेरीचे उंबरठे झिजवले आहेत, ज्याच्या आजीचा जन्मदाखला कुठल्याच दप्तरात नाही, त्याला डिएंगची ओळख करून द्यावी लागणार नाही.

हा चित्रपट वोलोफ भाषेत आहे. आफ्रिकेच्या आपल्या भाषेतला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. पण पैसा फ्रेंच होता, म्हणून तोच चित्रपट फ्रेंचमध्येही करावा लागला. एकच प्रसंग दोनदा, एकदा आपल्या माणसांसाठी आणि एकदा पैसेवाल्यासाठी. उर्दूत लिहावे की मराठीत, या वादात आपण इतकी वर्षे घालवली. पैसा ज्याचा असतो भाषाही त्याची होते, हे सेम्बेनने पटकन ओळखले आणि तरी वोलोफ सोडली नाही.

आता आपल्याच अंगणात येतो. दारावर बसलेला प्रत्येक माणूस गोरा नव्हता. १९७७ च्या 'चेद्दो' या चित्रपटात एका राज्यात इमाम राजसत्ता ताब्यात घेतो, प्रजेवर धर्मांतर लादतो आणि शेवटी राजकन्या त्या इमामाला गोळी घालते. ख्रिस्ती पाद्री आणि बंदुकांच्या बदल्यात माणसे नेणारा गोरा व्यापारी हेही त्याच गावात बसलेले आहेत. सेनेगलमध्ये या चित्रपटावर बंदी आली. कारण काय दिले? 'चेद्दो' हा शब्द लिहिताना सेम्बेनने एक 'द' जास्त वापरला. सरकारी शुद्धलेखनाप्रमाणे एकच 'द' हवा होता! राष्ट्राध्यक्ष होते लिओपोल्ड सेंघोर. कवी, व्याकरणाचे जाणकार, काळेपणाचा अभिमान सांगणाऱ्या नेग्रित्यूद विचाराचे प्रवर्तक. सेम्बेननेही तो दुसरा 'द' काढला नाही. खरे कारण सर्वांना ठाऊक होते. मुसलमानबहुल देशात धर्मगुरूंच्या तरिका फार बलवान आहेत, त्यांना दुखवायचे नव्हते, आणि सेंघोर स्वतः कॅथलिक असल्यामुळे तर मुळीच नव्हते. सेम्बेनने पुढे आपल्या घरालाच चेद्दोचे नाव दिले.

यावर आपल्यातला एक वर्ग लगेच म्हणेल की बंदी आली ते बरेच झाले, इमामाला गोळी घालणारा चित्रपट हवाच कशाला. त्यांना माझा उलटा प्रश्न आहे. हॉलिवूडने मुसलमानाला दाढीवाला अतिरेकी करून टाकले, म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. ते बरोबरच आहे. पण मुसलमानाच्या घरात जन्मलेला, त्या समाजाचे दारिद्र्य, त्याचा विनोद, त्याची श्रद्धा आणि त्याची ढोंगे आतून जाणणारा दिग्दर्शक जेव्हा त्या समाजाचे चित्र काढतो, तेव्हा आपण कुठे असतो? परक्याने काढलेले खोटे चित्र आपल्याला टोचते आणि आपल्याने काढलेले खरे चित्रही टोचते. मग पडद्यावर आपले काय दिसावे असे आपल्याला वाटते? निव्वळ कव्वाली?

सेम्बेन नमाजी होता की नाही, याची चौकशी करणारेही भेटतील. तो कम्युनिस्ट होता आणि त्याने ते लपवले नाही. पण १९८८ चा 'काम्प द तियारोय' पाहा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकन शिपाई डाकारजवळच्या छावणीत थकलेला पगार मागतात, आणि १ डिसेंबर १९४४ रोजी त्यांच्यावर फ्रेंच सैन्यच गोळ्या झाडते. हा चित्रपट काढायला फ्रान्सचा पैसा मिळणे शक्यच नव्हते. सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांनी मिळून तो केला. व्हेनिसच्या महोत्सवात परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. तरी फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे थिएटरात लागला नाही. तियारोयला कत्तल म्हणायला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला २०२४ साल उजाडावे लागले, म्हणजे घटनेला ऐंशी वर्षे झाली आणि चित्रपटाला छत्तीस. कोणता चित्रपट आपला रस्ता आपण शोधतो?

चित्रपट काढून झाला तरी थिएटराचे दार राहतेच. फ्रेंच भाषिक पश्चिम आफ्रिकेतली वितरणाची नाडी कोमासिको आणि सेक्मा या दोन कंपन्यांच्या हाती होती. त्या अमेरिकन, फ्रेंच, इजिप्शियन आणि आपले हिंदी चित्रपट ठोक भावात आणत. ठोकात आलेल्या जुन्या चित्रपटापुढे नवा आफ्रिकन चित्रपट महागच पडणार. अप्पर व्होल्टाने, म्हणजे आजच्या बुर्किना फासोने, १९७० साली आपली मूठभर थिएटरे राष्ट्रीय मालकीची केली तेव्हा या कंपन्यांनी त्या देशाला चित्रपट पाठवणेच थांबवले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ साली, वागाडुगूत आफ्रिकन चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला होता. एका गरीब देशाने आपला पडदा आपल्या हाती घेण्याचा तो प्रयत्न होता. त्या महोत्सवाचे आजचे नाव फेस्पाको.

हिंदी चित्रपटांचा उल्लेख मी मुद्दाम केला. मेहबूब खानांचा १९५७ चा 'मदर इंडिया' उत्तर नायजेरियातल्या कानोसारख्या मुसलमान शहरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटावाही. पण मुंबईचा सिनेमा तिथे गेला आणि बदल्यात तिथून मुंबईत काय आले? फिल्म सोसायट्या आणि महोत्सव सोडले तर काहीही नाही. आपल्या चित्रपटात काळा माणूस आला तो अंगरक्षक, नाचणारा किंवा भीती दाखवण्यासाठी. २००८ च्या 'फॅशन'मध्ये नायिका नशेतून जागी होते, शेजारी काळा माणूस दिसतो आणि आपला अधःपात झाल्याचे तिला कळते. एवढे पुरेसे होते, शब्दाचीही गरज पडली नाही. या देशात, मलिक अंबरच्या या मुलखात, ज्याने खडकी वसवली त्या हबशी वजिराच्या भूमीत हा प्रसंग लिहिला गेला आणि प्रेक्षकांना तो बरोबर समजला.

कानोची गोष्ट अजून थोडी आहे. हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या तिथल्या पोरांनी व्हिडिओ कॅमेरे उचलले आणि हौसा भाषेत, गाण्यांसकट, आपले चित्रपट काढायला सुरुवात केली. लॅब नको, वितरक नको, कॅसेट थेट बाजारात. आपल्या मालेगावने 'मालेगाव के शोले' काढला तो याच वाटेने. कानोत २००० साली शरियतचा कायदा लागू झाला आणि काही महिने चित्रीकरणच बंद पडले. पुढे सेन्सॉर बोर्ड नेमून परवानगी दिली गेली. एक दार चुकवले तर दुसऱ्या दारात आपलाच माणूस उभा.

आता अमेरिका. तिथली कहाणी आपल्याला अधिक ठाऊक असायला हवी होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून काळ्यांच्या साहित्याची ओळख घेऊन आले, जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. पुस्तके सुटकेसमधून आली. चित्रपट सुटकेसमधून येत नाही, त्यामुळे ऑस्कर मिशो हे नाव आपल्याकडे पोचले नाही. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा. १९१९ साली त्याने पहिला चित्रपट काढला, तोही ओळखीच्यांना शेअर विकून. चाळीसच्या वर चित्रपट केले, अनेकदा स्वतः रिळे घेऊन थिएटरांच्या दारोदार फिरला. १९२० चा त्याचा 'विदिन अवर गेट्स', ज्यात काळ्यांना झुंडीने ठार मारण्याचे दृश्य आहे, तो सेन्सॉरच्या कात्रीत सापडला आणि नंतर नाहीसाच झाला. कित्येक वर्षांनी त्याची एक प्रत सापडली ती स्पेनमध्ये. त्याचे बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत.

सत्तर वर्षांनंतर किती फरक पडला ते 'माल्कम एक्स'वरून कळते. हा चित्रपट आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला आहे. हजचे प्रसंग पाहून डोळे ओले झाल्याचे सांगणारे अनेक भेटतात. पण तो कसा तयार झाला, हे कुणी सांगत नाही. माल्कमच्या आयुष्याचे चित्रपट-हक्क १९६७ पासून एका निर्मात्याकडे होते. जेम्स बाल्डविनसारख्या लेखकाने पटकथा लिहिली, तरी पंचवीस वर्षे काही झाले नाही. शेवटी झाले तेव्हा स्टुडिओने एक गोरा दिग्दर्शक नेमला. स्पाइक लीने जाहीर आरडाओरडा केला, तो दिग्दर्शक सभ्यपणे बाजूला झाला आणि काम लीकडे आले. दुसऱ्या बाजूने हार्लेमचे काही कार्यकर्ते, त्यात कवी अमिरी बराका, लीवरच तुटून पडले, की हा मध्यमवर्गीय पोरगा माल्कमची माती करणार. काळ्या दिग्दर्शकाला असा दोन्हीकडून हिशेब द्यावा लागतो. गोऱ्याने वाईट चित्रपट काढला तर तो एक वाईट चित्रपट असतो, काळ्याने काढला तर सगळी कौम नापास होते.

लीचा अंदाज सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलरचा होता. स्टुडिओ तेवढे द्यायला तयार नव्हता. त्याच स्टुडिओने आदल्या वर्षी केनेडींच्या हत्येवरचा 'जेएफके' हा तीन तासांचा चित्रपट सुमारे ४ कोटींत करू दिला होता. माल्कमने तीन तास घेतले की ते फार झाले. पैसे संपले, हमी घेतलेल्या कंपनीने हात आखडते घेतले आणि संकलनाच्या खोलीतल्या लोकांचे पगार थांबले. लीने आपल्या मानधनातला मोठा हिस्सा आधीच चित्रपटात घातला होता. मग त्याने काळ्या श्रीमंतांना फोन केले. ओप्रा विन्फ्री, मॅजिक जॉन्सन, मायकल जॉर्डन, बिल कॉस्बी, प्रिन्स, जॅनेट जॅक्सन, ट्रेसी चॅपमन, पेगी कूपर कॅफ्रिट्झ. त्यांनी पैसे दिले, तेही भांडवल म्हणून नाही, देणगी म्हणून. नफ्यातला वाटा मागितला नाही. १९ मे १९९२ रोजी, माल्कमच्या जन्मदिनी, लीने ही गोष्ट जाहीर केली आणि स्टुडिओ सरळ झाला. मशिदीसाठी वर्गणी गोळा करतात तशी वर्गणी जमवून जगातल्या सर्वांत श्रीमंत चित्रपट-धंद्यातला हा चित्रपट पुरा झाला.

मक्केतले चित्रीकरण ही आणखी एक गोष्ट. हरम शरीफमध्ये कथाचित्रपटाला परवानगी मिळण्याची ती पहिली वेळ. बिगर-मुस्लिम आत जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा मुसलमान तंत्रज्ञांच्या हाती दिला गेला. सौदी अरबस्तानच्या उलेमांनी एका काळ्या अमेरिकन, ख्रिस्ती घरातल्या दिग्दर्शकाला हो म्हटले. स्टुडिओच्या हिशेबनिसांपेक्षा ते उदार ठरले, असे म्हणायला मला मजा वाटते.

मार्च १९९३ मध्ये ऑस्करचा निकाल लागला. माल्कम झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनला नामांकन मिळाले, बक्षीस दुसऱ्याला. वेशभूषेचे नामांकन मिळाले. चित्रपटाला आणि दिग्दर्शकाला नामांकनही नाही. लीला दिग्दर्शनाचे पहिले नामांकन २०१९ साली मिळाले, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. १९२९ ते २०२५ या काळात सत्त्याण्णव ऑस्कर सोहळे झाले, त्यांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर एकाही काळ्या माणसाला मिळाले नाही. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आणि 'मूनलाइट' हे सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले, पण दिग्दर्शक दुसराच सर्वोत्कृष्ट ठरला. हे कोडे सोडवायला एक आकडा मदत करतो. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१२ साली तपास केला, तेव्हा मतदारांपैकी ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. नंतर त्यांनी नवे सभासद घेतले, हेही सांगितले पाहिजे.

पण ऑस्करवर मी जास्त शाई घालवणार नाही. ते त्यांचे घरचे लग्न आहे. त्याहून वाईट गोष्टी शांतपणे घडतात. चार्ल्स बर्नेटने १९७७ साली दहा हजार डॉलरच्या आत 'किलर ऑफ शीप' पुरा केला. संगीताचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो थिएटरात लागायला २००७ साल उजाडले. ज्युली डॅशचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा अमेरिकेत थिएटरांतून रीतसर प्रदर्शित झालेला काळ्या स्त्रीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९१ साली पहिला! आणि त्याची सुरुवात पाहा. समुद्रकाठी पहाटे एक म्हातारा नमाज पढतो आहे. त्याचे नाव बिलाल मुहम्मद. जॉर्जियाच्या सापेलो बेटावर बिलाली मुहम्मद नावाचा गुलाम खरोखर होता, त्याने अरबीत लिहिलेली वही आजही जपून ठेवलेली आहे. अमेरिकेच्या मातीत गुलामीत टिकलेला इस्लाम पडद्यावर आणला तो या बाईने. तिला पुढे दूरचित्रवाणीवर काम मिळाले, पण स्टुडिओंनी असा दुसरा चित्रपट काढू दिला नाही. आपल्या मासिकांत या चित्रपटावर किती लेख आले, ते वाचकांनी आठवून पाहावे.

बिलाल हे नाव आपल्याला किती प्रिय! पहिली अजान देणाऱ्या हबशी गुलामाची कथा ऐकून खुतब्यात गळा दाटतो. घरी आल्यावर मुलीचे स्थळ पाहताना 'रंगाने उजळ' हा शब्द जाहिरातीत पहिल्या ओळीत असतो. २०१७ साली 'मूनलाइट'साठी महेरशला अलीला ऑस्कर मिळाले. अभिनयाचे ऑस्कर मिळवणारा पहिला मुसलमान म्हणून जगभर त्याचे नाव झाले. पाकिस्तानच्या राष्ट्रसंघातील प्रतिनिधीने अभिनंदनाचा संदेश टाकला आणि मग पुसून टाकला, कारण तो अहमदिया निघाला. गोऱ्यांनी ओळखले, आपल्यांनी ओळख मागे घेतली.

अब्देरहमान सिसाको या मॉरिटानियाच्या दिग्दर्शकाचेही असेच झाले. २०१२ साली टिंबक्टूवर बंदूकधाऱ्यांनी कब्जा केला, त्यावर त्याने २०१४ साली 'टिंबक्टू' काढला. मशिदीत बूट घालून बंदुका घेऊन शिरलेल्या पोरांना तिथला इमाम शांतपणे बाहेर काढतो. फुटबॉलवर बंदी आहे म्हणून मुले चेंडूवाचून सामना खेळतात. अतिरेक्याचा पहिला बळी मुसलमानच असतो, हे आपण व्यासपीठावरून ओरडून सांगतो, तेच या माणसाने न ओरडता दाखवले. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसजवळच्या एका गावाच्या महापौराने चित्रपट न पाहताच त्यावर बंदी घातली. का, तर हा दहशतवादाचा गौरव असू शकेल! महिनाभरात त्याला सात सेझार मिळाले, त्यात दिग्दर्शनाचा होता आणि तो मिळवणारा हा पहिला काळा माणूस. लगेच पुढे फेस्पाको महोत्सवात सुरक्षेच्या भीतीने तो दाखवावा की नाही यावर खल झाला. म्हणजे फ्रेंच महापौराला तो फार मुसलमानी वाटला आणि बंदूकवाल्यांना पुरेसा मुसलमानी वाटला नाही.

मग मार्ग काय, असे विचारले जाईल. रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकाने २०२५ च्या 'सिनर्स'साठी स्टुडिओशी करार करताना तीन गोष्टी मागून घेतल्या. शेवटची कात्री माझ्या हाती, तिकीटविक्रीत पहिल्या पैशापासून वाटा, आणि पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी माझ्याकडे परत. धंद्यातल्या शहाण्यांनी गहजब केला की अशाने स्टुडिओच बुडतील. गोऱ्या दिग्दर्शकाने तसाच करार केला होता तेव्हा कुणी बुडाले नव्हते. चित्रपटाने ३६ कोटी डॉलरच्या पुढे धंदा केला. मुद्दा धंद्याचा नाही. बक्षीस, नामांकन, पडद्यावर किती चेहरे काळे, या सगळ्यांपेक्षा मालकीचा कागद मोठा, हे मिशोला कळले होते, सेम्बेनला कळले होते, आणि या पोराने ते करारात लिहून घेतले.

आपल्यापुरते मला एवढेच मागायचे आहे. आपल्या संमेलनांत सत्कार, परिसंवाद, मुशायरा सगळे असते. एक संध्याकाळ 'मंडाबी'ला द्या. संवाद मराठीत तळाशी लिहून घेण्याचे काम दोन तरुण महिनाभरात करतील. मिरज, मालेगाव, कोंढवा, मुंब्रा, कुठेही पडदा लावा. डिएंगला हसणारे आणि त्याच्यासाठी हळहळणारे प्रेक्षक डाकारपेक्षा इथे कमी भरणार नाहीत. त्यानंतर 'मूलादे' दाखवा. एक्याऐंशी वर्षांच्या सेम्बेनने २००४ साली मुलींच्या सुंतेविरुद्ध काढलेला हा शेवटचा चित्रपट. गावातले पुरुष बायकांचे रेडिओ हिसकावून मशिदीसमोर ढीग घालून जाळतात, कारण धर्मात ही सक्ती नाही असे एक आलिम रेडिओवर बोलून गेलेला असतो. आपल्यातलीच काही माणसे उठून जातील. त्यांना जाऊ द्यावे.

सेम्बेनला आणखी एक चित्रपट काढायचा होता. फ्रेंचांशी वर्षानुवर्षे लढलेल्या आणि १८९८ साली पकडला गेलेल्या समोरी तुरे या मुसलमान सेनानीवर. पटकथा लिहून तयार होती. घोडे, फौजा, किल्ले यांसाठी लागणारा पैसा तो शेवटपर्यंत शोधत राहिला. ९ जून २००७ रोजी डाकारमध्ये तो वारला.